सतरा नंबरची चौकट

२ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो. खोली मिळाली, नोकरी मिळाली, आणि दोन्ही एकाच जिन्यावर. तळमजल्यावर ऑफिस, पहिल्या मजल्यावर मालकांचं घर, त्यांच्या डोक्यावर गच्चीत माझी खोली. कामाला उशीर झाला तर वाहनांची गर्दी होती असं सांगायचीही सोय नाही. खोलीत लोखंडी पलंग, डुगडुगणारं टेबल आणि भली मोठी खिडकी. खिडकीतून अर्धं गाव दिसतं आणि त्या अर्ध्यात तिचं घर येतं. हे मी घरी बोललेलो नाही. घरी सांगितलंय की नोकरी चांगली आहे म्हणून निघालो.

ही वही ताईने दिली. म्हणाली, राग आला की आधी हिच्यात ओक, मग कुणाच्या अंगावर जायचं ते जा. प्राध्यापकांच्या टेबलावर फाईल आपटून मी तिसऱ्या वर्षातून बाहेर पडलो, तेव्हा ही वही जवळ असती तर आज इंजिनिअर असतो असं तिचं मत. माझं मत वेगळं आहे, पण वही झकास आहे. कागद जाड, शाई मागे फुटत नाही.

मालकांना सगळे काकाच म्हणतात, मीही म्हणायला लागलो. काकांनी विचारलं, शिक्षण कुठवर. मी म्हटलं, मधूनच सोडलं. ते म्हणाले, बरं झालं, पूर्ण शिकलेले टिकत नाहीत इथे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

काम समजलं. या गावाची एक वेबसाइट आहे. तिच्यावर प्रत्येक घराला स्वतःचं पान. घरात कोण कोण राहतं, त्यांचे फोटो, फोन नंबर, कोण काय काम करतं. आणि या पानांवर मध्ये मध्ये चौकटी. पाणी किती वाजता येणार, ही एक चौकट. हरवले-सापडले, ही दुसरी. वाढदिवस, लग्न ठरले, दुःखद निधन, अशा एकूण सोळा. चौकट एकदाच बनवायची. मग ती कोणत्या पानावर दिसावी आणि पानात नेमकी कुठे, हे कोडमध्ये अट लिहून ठरवायचं. सगळ्यात वर, बाजूला, की पहिल्या फोटोखाली. जी चौकट जिथे बसेल, तिच्या खालचं सगळं तेवढं खाली सरकतं. बस्स, हाच माझा धंदा. गावभर कुणाच्या घरात काय आणि कुठे ठेवायचं ते मी ठरवणार.

समोरच्या टेबलावर बातम्या टाइप करणाऱ्या बाई बसतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, एवढ्या जोरात बटणं बडवू नकोस रे, तो कीबोर्ड आहे, तुझा वैरी नाही. मग स्वतःच्या डब्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवलं. माणूस बरा दिसतो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

काकांनी वर चहाला बोलावलं. घर स्वच्छ, पण मांडणी विचित्र. बैठकीतलं सगळं सामान भिंतींना चिकटवलेलं. खुर्च्या, टेबल, टीव्ही, सगळं कडेला आणि मधे दाराएवढी जागा मोकळी. मी सरळ मधून निघालो तर काकूंनी दंड धरून मला कडेने वळवलं. हसून, पण घट्ट धरून.

काका एका बाजूला बसतात, काकू दुसऱ्या. बोलायचं असेल तर काकू चिठ्ठी लिहितात, उठतात, भिंतीकडेने फेरी मारतात आणि काकांच्या हातात देतात. काका वाचून तसंच उत्तर पाठवतात. "साखर संपली" याला दोन चिठ्ठ्या लागल्या. खाली येऊन बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बारा वर्षांचा अबोला आहे, तू नको नाक खुपसू. बारा वर्षं! मी रुसलो तर बारा मिनिटांत पाय धरायला जातो.

९ फेब्रुवारी, सोमवार

ती भेटली. म्हणजे मी भेटलो. तीन दिवस औषधाच्या दुकानापाशी उगाच उभा राहत होतो. "भडक्या, तू इथे?" म्हणाली. कॉलेजात तीच मला भडका म्हणायची, आता गावही म्हणेल. मी नोकरीचं सांगितलं. तिला आनंद झाला, असं मला वाटलं. मग तिने घड्याळ पाहिलं. शिक्षण पूर्ण कर, म्हणाली. मला एवढा राग आला की घरी येऊन गच्चीवरची कुंडी लाथेने पाडली. मग कुंडी उचलली आणि माती भरली. तिचा आवाज मात्र अजून कानात आहे. शेवटचं अक्षर ती थोडं लांबवते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मी सोळा म्हटलं होतं. सतरा आहेत.

सतराव्या चौकटीला शीर्षक नाही, मजकूर नाही. नुसता पांढरा आयत. तिच्या अटीत पानांची एक यादी आहे आणि यादीत एकच पान, काकांच्या घराचं. मी म्हटलं, कुणीतरी अर्धवट टाकून गेलंय, पुसून टाकू. काका मागेच उभे होते. त्यांनी माझं मनगट धरलं. एरवी मी झटकलं असतं. पण ते माझ्याकडे नाही, पडद्यावरच्या त्या चौकटीकडे बघत होते.

त्यांनी बाहेर बाकावर बसवून सांगितलं. बारा वर्षांपूर्वी एका घरातली मुलगी नाहीशी झाली. तिचा फोटो आणि नाव या चौकटीत लावलेलं. महिन्याभराने घरचे आले आणि म्हणाले, काढा, तिचं नाव आम्हाला कुठेच नको. का, ते सांगितलं नाही, काकांनी विचारलं नाही. त्यांनी सगळीकडून नाव पुसलं, जुन्या फायलींतूनसुद्धा. चौकट पुसायची तेवढी राहिली. नंतर पुसली तर सकाळी परत हजर. तिच्यात दुसरं काहीही भरलं तर सकाळी कोरी. आणि ती ज्या पानावर दिसेल त्या घरात खरोखर तेवढी जागा धरून बसते. तिच्या पलीकडे बोललेलं ऐकू जात नाही. पानावर तिच्या खाली जो असेल तो रोज थोडा खाली जातो, घरातसुद्धा. ते घर रिकामं झालं, मग शेजारचं. शेवटी काकांनी ती स्वतःच्या पानावर आणून बांधली. कुठेतरी ठेवावीच लागते, म्हणाले. रोज सकाळी चहाच्या आधी ते काकूंचा फोटो हाताने वर सरकवतात. एकही सकाळ चुकलेली नाही.

मी विचारलं, तिचं नाव काय होतं. काका म्हणाले, तेच आठवत नाही. गावात कुणालाच नाही. इतकं नीट पुसलं मी.

ऐकून अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. वर आल्यावर मात्र वाटलं, बायकोशी पटत नाही हे सांगायला म्हाताऱ्याने केवढी मोठी गोष्ट रचली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी कामाचा कागद आला. 'लग्न ठरले' ची चौकट अमुक घराच्या पानावर, सगळ्यात वर, ठळक. घराचा नंबर वाचला. पुन्हा वाचला.

मुलगा दातांचा डॉक्टर आहे. फोटोत सगळे दात दिसतात, स्वतःचीच जाहिरात. ती बाजूला उभी. हसतेय. मला वाटायचं, ती तशी फक्त माझ्या विनोदांना हसते.

चौकट मीच लावली. बरोबर वर आणि मधोमध. बाई म्हणाल्या, छान बसली हो. मी म्हटलं, माझं कामच आहे ते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

केलं. सतरा नंबरच्या यादीतून काकांचं पान काढलं आणि तिच्या घराचं टाकलं. तिच्या फोटोच्या बरोबर वर बसेल अशी जागा दिली. आज दुपारी, बाई जेवत असताना. दोन ओळींचं काम.

गोष्ट खोटी असेल तर कुणाचं काही जात नाही. खरी असेल तर बसू देत घरभर एकमेकांची तोंडं बघत. याद्या कशा करतात, हॉल कसा ठरवतात बघू. लग्नं सगळी बोलण्यावरच ठरतात ना. माझं तर कुणी ऐकलंच नाही.

ताई, वहीत आधी ओकलो नाही. आधी केलं, आता लिहितोय.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी वरून हसण्याचा आवाज. बाई खुर्चीतून उठून जिन्याशी गेल्या. काकू मोठमोठ्याने बोलत होत्या, न थांबता. बारा वर्षांचं सगळं, कुणाची मुंज राहिली, कोणत्या भाजीत मीठ जास्त होतं, काका कसे घोरतात. काका खाली आले तेव्हा डोळे लाल होते. मला म्हणाले, झोपलो रे, पहिल्यांदा झोपलो. यादी उघडून पाहायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही. त्यांना वाटतंय, चौकट आपणहून गेली.

म्हणजे गोष्ट खरी होती.

भीती वाटतेय, पण खोटं नको. पोटात कुठेतरी बरंही वाटलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

तिच्या घराचं पान उघडलं. वर लग्नाची चौकट, मग वडील, आई, भाऊ, मग पांढरा आयत. मग काहीच नाही. पान खाली सरकवत गेलो. पांढरं, पांढरंच. अंगठा दुखायला लागला तेव्हा कुठे तिचा फोटो आला. त्याच्या खालचं नाव फिकट झालंय.

तिचा भाऊ, ज्याला आम्ही पैलवान म्हणायचो, चौकात भेटला. सगळं विचारून झालं. म्हटलं, बहिणीची तयारी जोरात असेल. तो हसला. कुणाची, म्हणाला. मला वाटलं चेष्टा करतोय. म्हणाला, अरे मी एकुलता एक.

२१ फेब्रुवारी, शनिवार

ती दिसली. भर दुपारी, स्वतःच्याच घरासमोर. दार उघडं होतं. आई आतून आली, तिच्या अंगावरूनच गेल्यासारखी गेली, अंगणात कपडे वाळत घातले, परत आत. हिने आईचा पदर धरला होता. आईने तो खिळ्याला अडकल्यासारखा सोडवून घेतला.

मग तिला मी दिसलो. फक्त मलाच ती दिसते बहुतेक. मीच तिला तिथे ठेवलंय. ती धावत आली आणि बोलायला लागली. तोंड हलत होतं. आवाज नव्हता. मी ओरडलो की मी करतो ठीक, मी करतो. तिलाही ऐकू गेलं नसणार. तिने बोटाने हवेत काहीतरी लिहून दाखवलं. तीन वेळा. मला वाटतं, तिचं नाव असावं. विसरू नकोस म्हणत असेल.

ऑफिसला शनिवारी दुपारनंतर कुलूप. किल्ली काकांकडे, आणि काका-काकू फिरायला गेलेत, बारा वर्षांनी एकत्र. उद्या रात्री येणार.

२३ फेब्रुवारी, सोमवार

कुलूप उघडताच आत घुसलो. यादी उघडली. तिच्या घराचं पान पुसलं. जतन केलं.

यादीत आता एकही पान नाही. एकही पान नाही म्हणजे चौकट कुठेच नाही. कुणीही असाच हिशोब करेल —

यंत्र तसा करत नाही. यादी रिकामी म्हणजे बंधन नाही. बंधन नाही म्हणजे सगळी पानं.

तीन आठवडे हेच काम करतोय मी. पाण्याच्या चौकटीची यादी मी स्वतः रिकामी ठेवतो, ती घरोघर दिसावी म्हणून.

समोर बाई काहीतरी विचारत होत्या. त्यांचे ओठ हलत होते.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

गाव गप्प आहे. रस्त्यावर माणसं भिंतीकडेने चालतात, मध्ये कुणीच नाही. दुकानदार गिऱ्हाइकाला बोट दाखवतो. शाळेच्या पटांगणात पोरं उभी आहेत, तोंडं उघडी, आवाज नाही. एक बाई रिकामा पाळणा हलवत बसली होती. आपण तो का हलवतोय, हे तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

ताईला फोन लावला. तिने उचलला. हॅलो, हॅलो, कोण आहे — आणि ठेवला.

यादीत एखादं पान टाकलं की बाकीचे सुटतील. एवढंच करायचंय. कुणाचं पान, हा प्रश्न. दिवसभर त्या खुर्चीत बसून होतो.

वही उघडली तर या पानाच्या मधे पेन चालत नाही. शाई उमटतच नाही. काडेपेटीएवढी जागा. तिला वळसा घालून लिहितोय.

२५ फेब्रुवारी, बुधवार

काका खाली आले. सगळं त्यांना कळलंय. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी चिठ्ठी ठेवली. 'माझं पान टाक. सवय आहे.' वर जिन्यात काकू उभ्या होत्या. त्या मान हलवत होत्या — नको, नको — आणि काकांची त्यांच्याकडे पाठ.

तेवढ्यात मी टाकलं. माझं.

माझं पानच नव्हतं, मी नवा. बनवलं. गच्चीतली खोली, राहणारा एक, फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरचा. सतरा नंबरच्या यादीत तेच एक. जतन.

बाईंचा आवाज आला आधी. मेला कीबोर्ड, म्हणत होत्या. मग रस्ता. मग सगळंच.

खिडकीतून पाहिलं. ती अंगणात होती. पैलवानाला झापत होती, कसला तरी खोका नीट धर म्हणून, शेवटचं अक्षर लांबवत. दातवाला आला स्कूटरवरून. तिने वर पाहिलं नाही. का पाहील? तिला फक्त कुणीतरी काहीतरी केलं एवढं आठवत असेल, आणि ते करणारा मीच.

लग्नाची चौकट तपासली. जागेवर आहे. वर, मधोमध.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज सकाळी काकांनी माझा फोटो वर सरकवला, चहाच्या आधी. तरी मी खालीच. गावभर फिरून चौकट मोठी होऊन आली आहे.

खोलीत मधोमध. दार तिच्या पलीकडे. पलंग भिंतीला आणि मी पलंगाच्या कडेला.

काकू जेवण घेऊन दारात आल्या. ओठ हलले. ताट ठेवलं. थोड्या वेळाने येऊन ताट परत नेलं, आणि ते कुणासाठी आणलं होतं हेच त्यांना आठवेना — चेहऱ्यावरून तसंच वाटलं.

२७ फेब्रुवारी

फरशी खोल वाटते. खिडकी वर गेली. आकाशच दिसतं आता, तिचं घर नाही —

काका आले दारात. खोलीकडे पाहिलं. खोली भाड्याने द्यायची तशी. कुलूप लावून —

वहीत कडेचं समासाएवढं उरलंय. बारीक लिहितोय.

तारीख माहीत नाही

खाली आहे. इथून चौकट खालून दिसते.

कोरी नाही ती. वरून कोरी. खालून लिहिलेलं आहे, फोटो, वय, अंगावर निळा ड्रेस. आणि नाव. स्पष्ट.

तिला पुसलेलं सहन होत नाही — एवढंच. कुणीतरी नाव परत भरलं की ती भरेल. थांबेल. दुसरं काही टिकत नाही कारण ते तिचं नसतं.

काका, कुलूप उघडाल तेव्हा वही सापडेल. यादीला हात लावू नका. आधी चौकट उघडा, आत हे नाव भरा. मी किती खाली आहे ते बघत बसू नका. नावच भरा.

जागा एका ओळीची आहे. मोठ्या अक्षरात लिहितो, नीट वाचा. तिचं नाव